उच्च तापमान मिश्रधातूंवरील ऑक्साइड थरांतील प्रतिबलांचे मापन

उच्च तापमान मिश्रधातूंवरील ऑक्साइड थरांतील प्रतिबलांचे मापन हा पदार्थविज्ञान आणि धातुविज्ञान यांच्या सीमेवरील एक अभ्यासविषय आहे. अतिशय तप्त हवेत किंवा ज्वलनवायूंत काम करणाऱ्या मिश्रधातूंच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पातळ थर तयार होतो. या थराच्या आत किती दाब वा ताण साठला आहे, तो केव्हा व कशामुळे निर्माण झाला आणि त्यामुळे थर टिकेल की सुटून पडेल, हे ठरवणे हा या मापनाचा हेतू असतो. थराची जाडी बहुधा १ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा पुष्कळच कमी असते. तरीही विमानाच्या जेट इंजिनातील पात्यांचे आयुष्य मोठ्या प्रमाणात या पापुद्र्यावर अवलंबून असते.

पदार्थाच्या आत एकक क्षेत्रफळावर कार्य करणाऱ्या अंतर्गत बलास प्रतिबल म्हणतात. पदार्थ दाबला जात असेल तर ते संपीडक प्रतिबल आणि ओढला जात असेल तर ताणक प्रतिबल होय. प्रतिबलामुळे पदार्थाच्या मापात जो सापेक्ष बदल होतो त्यास विकृती म्हणतात. प्रतिबल पास्कल या एककात मोजतात. ऑक्साइड थरांतील प्रतिबले इतकी मोठी असतात की त्यांसाठी गिगापास्कल (१०० कोटी पास्कल) हे एकक वापरावे लागते.

== पार्श्वभूमी ==

सोने, प्लॅटिनम यांसारखे काही राजधातू वगळता बहुतेक सर्व धातू उच्च तापमानात ऑक्सिजनशी संयोग पावतात. साधे लोखंड तापवून लाल केले की त्यावर काळसर खपल्या धरतात आणि घणाच्या घावासरशी त्या झडून पडतात, हे लोहाराच्या भात्याजवळ कोणालाही पाहता येते. खपली झडली की खालचा ताजा धातू उघडा पडतो, त्यावर पुन्हा खपली धरते आणि अशा रीतीने धातू झिजत जातो.

उच्च तापमान मिश्रधातूंची रचना हा झिजण्याचा वेग रोखण्यासाठी केलेली असते. निकेल, कोबाल्ट किंवा लोह हा मुख्य घटक असलेल्या या मिश्रधातूंत क्रोमियम किंवा ॲल्युमिनियम पुरेशा प्रमाणात मिसळतात. तापल्यावर हे घटक पृष्ठभागाकडे येऊन ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि क्रोमियम ऑक्साइडचा (क्रोमिया) किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा (ॲल्युमिना) सलग, घट्ट थर तयार करतात. या थरातून ऑक्सिजन व धातूचे अणू फार सावकाश आरपार जातात. म्हणून थर जसजसा जाड होतो तसतसा त्याच्या वाढीचा वेग कमी होत जातो. कार्ल वॅग्नर यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार अशा थराच्या जाडीचा वर्ग काळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच जाडी दुप्पट होण्यास चौपट काळ लागतो.

घरगुती विजेच्या शेगडीतील निकेल-क्रोमियम तारेचे वेटोळे हे क्रोमिया थराने रक्षिलेल्या मिश्रधातूचे परिचित उदाहरण आहे. औद्योगिक भट्ट्यांतील लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या तारा ॲल्युमिना थरामुळे टिकतात. जेट इंजिनांतील टर्बाइनच्या पात्यांवर तर थरांची उतरंडच असते. सर्वांत आत निकेलयुक्त अतिमिश्रधातू, त्यावर ॲल्युमिनियमने समृद्ध असा बंधक लेप आणि सर्वांत वर यिट्रियाने स्थिर केलेल्या झिर्कोनियाचा उष्णतारोधक लेप असतो. झिर्कोनियातून ऑक्सिजन सहज आरपार जातो. त्यामुळे बंधक लेप व झिर्कोनिया यांच्या मधोमध ॲल्युमिनाचा थर वापरादरम्यान आपोआप वाढत राहतो. उष्णतारोधक लेप जेव्हा सुटून पडतो तेव्हा तो बहुधा याच ॲल्युमिना थरात किंवा त्याच्या लगतच्या सीमेवर सुटतो. लेप गेल्यावर पात्याच्या धातूला वायूंची धग थेट सोसावी लागते. म्हणून या दडलेल्या थरातील प्रतिबल जाणून घेणे हा केवळ कुतूहलाचा विषय नसून सुरक्षिततेचा आणि दुरुस्तीच्या खर्चाचाही प्रश्न आहे.

== प्रतिबले निर्माण होण्याची कारणे ==

=== वाढीची प्रतिबले ===

थर वाढत असताना, म्हणजे तापमान स्थिर असतानाच, जी प्रतिबले उत्पन्न होतात त्यांना वाढीची प्रतिबले म्हणतात. त्यांचा पहिला पद्धतशीर विचार एन. बी. पिलिंग व आर. ई. बेडवर्थ यांनी १९२३ मध्ये केला. तयार झालेल्या ऑक्साइडचे आकारमान भागिले तो तयार होण्यात खर्ची पडलेल्या धातूचे आकारमान, या गुणोत्तरास त्यांच्या नावाने पिलिंग-बेडवर्थ गुणोत्तर म्हणतात. मॅग्नेशियमसाठी ते ०.८१, ॲल्युमिनियमसाठी १.२८, निकेलसाठी १.६५ आणि क्रोमियमसाठी २.०७ आहे. गुणोत्तर १ पेक्षा कमी असेल तर ऑक्साइड धातूचा सर्व पृष्ठभाग झाकू शकत नाही. ते १ पेक्षा अधिक असेल तर नव्या ऑक्साइडला जागा अपुरी पडते आणि थरात संपीडक प्रतिबल येते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद पहिल्या पायरीपुरता उपयुक्त असला तरी तो पुरेसा नाही. ऑक्साइड नेमका कोठे तयार होतो यावर सारे अवलंबून असते. धातूचे अणू थरातून बाहेर येऊन मोकळ्या पृष्ठभागावर ऑक्सिजनला भेटत असतील तर नव्या ऑक्साइडला वरच्या दिशेने वाढायला मोकळी जागा असते आणि आकारमान वाढूनही प्रतिबल फारसे येत नाही. उलट ऑक्सिजन आत शिरून धातूच्या सीमेवर संयोग होत असेल तर जागेची अडचण होते. तिसरी शक्यता एफ. एन. ऱ्हाइन्स व जे. एस. वुल्फ यांनी १९७० मध्ये निकेलच्या ऑक्सिडीकरणाच्या अभ्यासातून पुढे आणली. ऑक्सिजन आत येत असताना आणि धातू बाहेर जात असताना दोघांची गाठ थरातील स्फटिककणांच्या सीमांवरच पडली, तर तेथे नवा ऑक्साइड तयार होतो. गच्च भरलेल्या पुस्तकांच्या रांगेत आणखी एक पुस्तक खुपसावे तसे शेजारचे कण मग बाजूंना रेटले जातात. परिणामी थर आडव्या दिशेने पसरू पाहतो, खालचा धातू त्याला अडवतो आणि संपीडक प्रतिबल निर्माण होते.

वाढीची प्रतिबले नेहमी संपीडकच असतात असेही नाही. ॲल्युमिनाचा थर आरंभी अनेकदा थीटा या अस्थायी स्फटिकरूपात तयार होतो आणि नंतर त्याचे अल्फा या स्थिर रूपात परिवर्तन होते. अल्फा रूप अधिक घन असल्यामुळे परिवर्तनात आकारमान सुमारे १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात थरात काही वेळ ताणक प्रतिबल आढळते.

=== शीतनाची प्रतिबले ===

दुसरे आणि बहुधा अधिक मोठे कारण म्हणजे थंड होताना धातू व ऑक्साइड यांचे असमान आकुंचन. निकेलयुक्त मिश्रधातू तापमानातील प्रत्येक अंश सेल्सिअसमागे साधारण एक लक्षांशाच्या दीडपट (१५ दशलक्षांश) आकुंचन पावतात, तर ॲल्युमिना सुमारे ९ दशलक्षांश इतकाच. धातू अधिक आक्रसतो, थर त्याला चिकटलेला असल्याने त्यालाही सोबत आक्रसावे लागते आणि तो दाबला जातो.

या प्रतिबलाचा अंदाज सोप्या सूत्राने करता येतो. ऑक्साइडचा यंगचा स्थितिस्थापकता गुणांक, दोन्ही प्रसरण गुणांकांतील फरक आणि तापमानातील घट यांचा गुणाकार करून त्यास १ वजा पॉयसनचे गुणोत्तर याने भागावे. ॲल्युमिनासाठी स्थितिस्थापकता गुणांक ४०० गिगापास्कल, प्रसरण गुणांकांतील फरक ६ दशलक्षांश, तापमानातील घट १,००० अंश सेल्सिअस आणि पॉयसनचे गुणोत्तर ०.२५ धरले, तर उत्तर ३.२ गिगापास्कल येते. प्रत्यक्ष मापनात निकेलयुक्त बंधक लेपांवरील ॲल्युमिना थरांत सामान्य तापमानाला मिळणारी मूल्ये साधारण ३ ते ४ गिगापास्कल असतात. एवढे प्रतिबल नेहमीच्या बांधकामाच्या पोलादाला कित्येक पटींनी असह्य आहे. ठिसूळ समजला जाणारा ॲल्युमिना ते सहन करतो, कारण ते संपीडक आहे. ठिसूळ पदार्थ ओढल्यावर सहज तुटतात, पण दाबाखाली पुष्कळ टिकाव धरतात.

=== प्रतिबलांचे शिथिलीकरण ===

उच्च तापमानात घन पदार्थ सततच्या बलाखाली हळूहळू आकार बदलतात. या क्रियेला विसर्पण म्हणतात. ऑक्साइडचे विसर्पण होऊन त्यातील प्रतिबल उतरते, तसेच खालचा धातू विसर्पण पावला तरी प्रतिबल कमी होते. म्हणून थरातील वाढीचे प्रतिबल हे एकदाच ठरणारे मूल्य नसते. एकीकडे नवा ऑक्साइड ते वाढवत असतो आणि दुसरीकडे विसर्पण ते उतरवत असते. या दोहोंच्या समतोलातून ॲल्युमिना थरांत बहुधा काही शेकडो मेगापास्कल इतके वाढीचे प्रतिबल शिल्लक राहते.

थर आणि धातू यांच्यातील बलांचाही समतोल असावा लागतो. थरातील प्रतिबल गुणिले थराची जाडी हे धातूतील विरुद्ध प्रतिबल गुणिले धातूची जाडी याच्याएवढे असते. ३ मिलीमीटर जाडीच्या धातूवर दोन्ही बाजूंना ५ मायक्रोमीटर थर असून त्यात ३ गिगापास्कल संपीडन असेल, तर धातूत केवळ १० मेगापास्कल ताण येतो आणि तो नगण्य ठरतो. मात्र तोच थर ५० मायक्रोमीटर जाडीच्या पातळ पत्र्यावर असेल तर धातूवर ६०० मेगापास्कल ताण यावा लागेल. गरम असताना पत्रा एवढा ताण सोसू शकत नाही. तो ताणला जाऊन लांबतो आणि थरातील प्रतिबल उतरते. मोटारींच्या धूरशुद्धी यंत्रणेत वापरल्या जाणाऱ्या लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत हे लांबणे प्रत्यक्ष दिसून येते.

== प्रतिबल आणि थराचे सुटणे ==

संपीडक प्रतिबलाखालील थर आपोआप धातूपासून अलग होत नाही. त्यासाठी सीमेवर आधीच कोठेतरी चिकटणे सुटलेले असावे लागते. कडक उन्हात फरशा प्रसरण पावून मधोमध उचलल्या जातात, तसा हा सुटलेला भाग फुगून वर येतो. फुगण्यासाठी लागणारे प्रतिबल थराची जाडी भागिले सुटलेल्या भागाची त्रिज्या, या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वरील आकडे घेऊन गणित केल्यास ३ गिगापास्कल प्रतिबलाखाली सुटलेल्या भागाची त्रिज्या थराच्या जाडीच्या सुमारे १३ पट झाल्यावर तो फुगू शकतो. ५ मायक्रोमीटर थरासाठी ही त्रिज्या सुमारे ६५ मायक्रोमीटर होते. एकदा फुगवटा आला की त्याच्या कडा उचलल्या जाऊन भेग पुढे सरकते आणि अखेरीस खपली निघते.

भेग पुढे सरकण्यास लागणारी ऊर्जा थरात साठलेल्या स्थितिस्थापक ऊर्जेतून मिळते. एकक क्षेत्रफळावरील ही ऊर्जा प्रतिबलाच्या वर्गाच्या व जाडीच्या प्रमाणात असते. ३ गिगापास्कल प्रतिबल असलेल्या १ मायक्रोमीटर थरात ती दर चौरस मीटरला सुमारे १७ जूल, तर ५ मायक्रोमीटर थरात सुमारे ८४ जूल येते. प्रतिबल तेच असूनही केवळ जाडी वाढल्यामुळे धोका पाचपट होतो. थर एका विशिष्ट जाडीपर्यंत टिकतो आणि नंतर सुटू लागतो या अनुभवामागील कारण हेच आहे.

सीमेची चिकटण्याची शक्तीही तितकीच महत्त्वाची ठरते. मिश्रधातूतील अत्यल्प गंधक सीमेवर जमून ती कमकुवत करतो. यिट्रियम, हाफ्नियम, लँथॅनम यांसारखी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळल्यास थर अधिक घट्ट धरून राहतो. विरल मृदा धातूंच्या अशा उपयोगाचे पेटंट एल. बी. फाइल यांनी १९३७ मध्ये ब्रिटनमध्ये घेतले होते. त्यामुळे दोन नमुन्यांतील प्रतिबल सारखे असूनही एकावरील थर टिकतो व दुसऱ्यावरील झडतो. प्रतिबलाचे मापन केल्याशिवाय दोष प्रतिबलाचा की चिकटण्याचा, हे ठरवता येत नाही.

== मापनाच्या पद्धती ==

प्रतिबल प्रत्यक्ष कधीच मोजता येत नाही. मोजता येतो तो त्याचा काही परिणाम: नमुन्याचे वाकणे, स्फटिकातील अणूंच्या प्रतलांमधील अंतराचा बदल किंवा पदार्थाने दिलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीतील सरकणे. त्यावरून योग्य गुणांक वापरून प्रतिबल काढावे लागते. पुढील सर्व पद्धती या एकाच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

=== वक्रता मापन ===

पातळ पट्टीच्या एकाच बाजूवर थर वाढू दिला तर थरातील प्रतिबलामुळे पट्टी वाकते. थर संपीडित असेल तर थराची बाजू बहिर्वक्र होते. वक्रतेवरून प्रतिबल काढण्याचे सूत्र जी. जेराल्ड स्टोनी यांनी १९०९ मध्ये दिले. स्टोनी हे वाफेच्या टर्बाइनवर काम करणारे अभियंते होते. पोलादी पट्ट्यांवर विद्युत विलेपनाने निकेलचा थर दिल्यावर त्या वाकतात, या निरीक्षणावरून त्यांनी हे सूत्र मांडले. ऑक्साइड थरांसाठी ते नंतर वापरात आले.

स्टोनी सूत्राचे वैशिष्ट्य म्हणजे त्यात थराचा स्थितिस्थापकता गुणांक लागत नाही. पट्टीचा गुणांक, पट्टीची जाडी, थराची जाडी आणि वक्रता एवढे पुरते. उदाहरणार्थ, ०.५ मिलीमीटर जाडीच्या, २०० गिगापास्कल गुणांक व ०.३ पॉयसन गुणोत्तर असलेल्या पट्टीवर २ मायक्रोमीटर थर आणि त्यात १ गिगापास्कल प्रतिबल असेल, तर वक्रतेची त्रिज्या सुमारे ६ मीटर येते. एका टोकाला धरलेल्या ५० मिलीमीटर लांबीच्या पट्टीचे मोकळे टोक तेव्हा सुमारे ०.२ मिलीमीटर सरकते. हे सरकणे लेसर किरणाच्या परावर्तनाने सहज मोजता येते.

ही पद्धत भट्टीतच, थर वाढत असताना, वापरता येते हा तिचा मोठा गुण होय. अडचणी दोन आहेत. पट्टीची दुसरी बाजू लेप देऊन ऑक्सिडीकरणापासून वाचवावी लागते आणि त्या लेपाचे स्वतःचे प्रतिबल हिशोबात धरावे लागते. शिवाय उच्च तापमानात पट्टीच विसर्पण पावते. मग दिसणारी वक्रता ही सध्याच्या प्रतिबलाची खूण राहत नाही, तर आतापर्यंतच्या सर्व घडामोडींची बेरीज होते.

=== क्ष-किरण विवर्तन ===

स्फटिकातील अणूंची समांतर प्रतले क्ष-किरणांचे ठरावीक कोनांत विवर्तन करतात. ब्रॅग पितापुत्रांनी दाखवून दिलेल्या नियमानुसार या कोनावरून प्रतलांमधील अंतर मिळते. प्रतिबलामुळे हे अंतर बदलते, म्हणजे स्फटिकाची जाळी हीच विकृती मोजण्याची पट्टी ठरते.

थर पृष्ठभागाच्या दिशेने दाबलेला असेल तर पृष्ठभागाला समांतर असलेली प्रतले एकमेकांपासून किंचित दूर जातात आणि पृष्ठभागाला उभी असलेली प्रतले जवळ येतात. ३ गिगापास्कल संपीडनाखालील ॲल्युमिनात आडव्या दिशेतील आकुंचन सुमारे ०.५६ टक्के, तर उभ्या दिशेतील प्रसरण सुमारे ०.३८ टक्के असते. नमुना वेगवेगळ्या कोनांत कलता करून प्रत्येक वेळी प्रतलांतर मोजतात. कलत्या कोनाच्या ज्याचा (साइनचा) वर्ग आडव्या अक्षावर व प्रतलांतर उभ्या अक्षावर घेतल्यास सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून प्रतिबल काढता येते. उतार महत्त्वाचा असल्यामुळे प्रतिबलरहित स्थितीतील प्रतलांतर अगदी अचूक ठाऊक असण्याची गरज राहत नाही.

प्रयोगशाळेतील नेहमीच्या क्ष-किरण नळीने पातळ थराचे मापन करण्यास बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात थर वाढतो. सिंक्रोट्रॉन या कणत्वरकातून मिळणारे क्ष-किरण कितीतरी अधिक तीव्र असतात. ते वापरून तापलेल्या नमुन्याचेच मापन थोड्या वेळात, पुन्हा पुन्हा करता येते. विवर्तित किरणांची संपूर्ण वर्तुळे एकदम टिपली जातात. प्रतिबलरहित थराचे वर्तुळ गोल असते, तर प्रतिबलित थराचे किंचित लंबगोलाकार होते. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील सिंक्रोट्रॉनवर अशा रीतीने ॲल्युमिना थरांतील आरंभीचे ताणक प्रतिबल आणि त्याचे विसर्पणाने उतरणे प्रत्यक्ष वाढीच्या तापमानाला नोंदवले गेले. वाढीचे प्रतिबल आणि शीतनाचे प्रतिबल वेगवेगळे ओळखण्याचा हा सर्वांत थेट मार्ग मानला जातो. भारतात सिंक्रोट्रॉन प्रारणाचा स्रोत इंदूर येथे (इंडस-२) उपलब्ध आहे.

=== क्रोमियमच्या अनुदीप्तीवर आधारित पद्धत ===

माणिक म्हणजे अत्यल्प क्रोमियम मिसळलेला ॲल्युमिना. त्यावर हिरवा वा निळा प्रकाश टाकला तर तो गडद लाल प्रकाश देतो. या लाल प्रकाशाच्या वर्णपटात दोन अतिशय बारीक रेषा असतात. सामान्य तापमानाला त्यांच्या तरंगलांबी ६९४.३ व ६९२.९ नॅनोमीटर असतात. पैकी पहिल्या रेषेवर १९६० मधील जगातील पहिला लेसर चालला होता. माणकावर दाब दिला की या रेषा अधिक तरंगलांबीकडे सरकतात. हिऱ्याच्या ऐरणींमधील प्रचंड दाब मोजण्यासाठी या सरकण्याचा उपयोग १९७२ पासून होऊ लागला.

मिश्रधातूंवर वाढलेल्या ॲल्युमिना थरात क्रोमियम मुद्दाम मिसळावे लागत नाही. मिश्रधातूतील क्रोमियमचे थोडे अणू वाढत्या थरात आपोआप शिरतात. म्हणजे प्रत्येक थर आपला प्रतिबलमापक सोबत घेऊनच जन्माला येतो. सूक्ष्मदर्शकातून लेसर किरण थरावर केंद्रित करतात व परत आलेल्या लाल प्रकाशाचा वर्णपट घेतात. १९९० च्या दशकात डेव्हिड आर. क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचे अंशांकन करून ती मिश्रधातूंवरील थरांसाठी रूढ केली.

वर्णपटातील सरकणे तरंगसंख्येत (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांच्या संख्येत) व्यक्त करतात. पृष्ठभागाच्या दोन्ही दिशांना सारखे प्रतिबल असलेल्या थरात प्रत्येक गिगापास्कलमागे रेषा सुमारे ५ प्रति सेंटिमीटर इतकी सरकते. ३ गिगापास्कल संपीडनामुळे होणारे १५ प्रति सेंटिमीटरचे सरकणे तरंगलांबीच्या भाषेत सुमारे ०.७ नॅनोमीटर असते. चांगल्या वर्णपटमापकाला हा बदल मोजणे मुळीच कठीण नाही.

या पद्धतीचे लाभ अनेक आहेत. मापन काही सेकंदांत होते, नमुना तोडावा लागत नाही आणि काही मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यातील प्रतिबल वेगळे काढता येते. झिर्कोनियाचा लेप काही प्रमाणात पारभासक असल्याने लेसर किरण त्यातून आत जातो आणि लाल प्रकाश बाहेर येतो. त्यामुळे लेपाखाली दडलेल्या थराचीही तपासणी होऊ शकते. थीटा रूपातील ॲल्युमिनाच्या रेषा वेगळ्या ठिकाणी पडत असल्याने थरातील रूपांतर पूर्ण झाले की नाही, तेही त्याच वर्णपटातून समजते.

रेषेचे स्थान सरासरी प्रतिबल सांगते, तर रेषेची रुंदी प्रतिबल ठिकठिकाणी किती बदलते ते दाखवते. एका ठिपक्यातील थराचा काही भाग सुटलेला व काही चिकटलेला असेल तर कमी सरकलेल्या व अधिक सरकलेल्या रेषांच्या दोन जोड्या एकमेकींत मिसळून दिसतात. त्या गणिताने वेगळ्या काढल्यास डोळ्याला न दिसणारी हानी आरंभीच ओळखता येते.

=== रामन वर्णपटविज्ञान ===

क्रोमिया थरांसाठी वरील रेषा उपयोगी पडत नाहीत. तेथे रामन परिणामाचा आधार घेतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकाता येथे १९२८ मध्ये शोधलेल्या या परिणामानुसार पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाच्या अल्प अंशाची तरंगलांबी त्या पदार्थातील अणूंच्या कंपनांनुसार बदललेली असते. क्रोमियाची एक ठळक रामन रेषा ५५० प्रति सेंटिमीटरच्या जवळ असते. संपीडनाखाली अणूंमधील बंध आवळले जातात, कंपनांची वारंवारता वाढते आणि ही रेषा अधिक तरंगसंख्येकडे सरकते. ॲल्युमिनातील अनुदीप्तीच्या रेषा दाबाखाली कमी तरंगसंख्येकडे सरकतात, हा दोहोंतील लक्षात ठेवण्याजोगा भेद आहे.

=== पूरक पद्धती ===

ध्वनिक उत्सर्जन पद्धतीत थरात भेग पडताना निघणाऱ्या सूक्ष्म ध्वनिलहरी संवेदकाने टिपतात. तिच्यातून प्रतिबलाचे मूल्य मिळत नाही, पण थंड होताना कोणत्या तापमानाला थर तुटू लागला ते कळते. पातळ पत्र्यांचे वा तारांचे लांबणे मोजूनही थराने धातूवर किती बल लावले याचा अंदाज करता येतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थराचा छेद पाहणे तर बहुतेक सर्व अभ्यासांत आवश्यक असते, कारण जाडी व स्फटिककणांची रचना ठाऊक असल्याखेरीज इतर आकड्यांचा अर्थ लागत नाही.

== मापनातील अडचणी ==

तापमान हा अनुदीप्ती पद्धतीतील त्रुटीचा मुख्य उगम आहे. सामान्य तापमानाच्या आसपास प्रत्येक अंश सेल्सिअसला रेषा सुमारे ०.१४ प्रति सेंटिमीटर सरकते. लेसरमुळे नमुना नकळत १० अंशांनी तापला तर सुमारे ०.३ गिगापास्कल इतके खोटे प्रतिबल मोजले जाते. म्हणून प्रतिबलरहित माणकाचा वर्णपट त्याच तापमानाला घेऊन तुलना करतात. वाढीच्या तापमानाला, म्हणजे १,००० अंशांच्या वर, रेषा इतक्या रुंद व फिक्या होतात की ही पद्धत निरुपयोगी ठरते. त्यामुळे तिने मिळणारे मूल्य बहुधा थंड झालेल्या नमुन्याचे, म्हणजे वाढीच्या व शीतनाच्या प्रतिबलांची बेरीज असते. मापित मूल्यातून गणिताने काढलेले शीतनाचे प्रतिबल वजा केल्यास वाढीचे प्रतिबल मिळायला हवे. परंतु दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या काढताना मूळ गुणांकांतील किरकोळ चूकही उत्तर बिघडवू शकते.

सर्व नेहमीच्या सूत्रांत थर सपाट आहे आणि त्याच्या पृष्ठभागाला लंब दिशेत प्रतिबल नाही असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात वारंवार तापवून थंड केल्यावर बंधक लेपाचा पृष्ठभाग सुरकुततो. अशा सुरकुतीच्या माथ्यावर थराला धातूपासून दूर ओढणारे ताणक प्रतिबल येते आणि तेथेच भेगा सुरू होण्याचा संभव असतो. सरासरी प्रतिबल मात्र सुरकुत्यांमुळे कमी झालेले दिसते. म्हणून मोजलेले प्रतिबल घटले याचा अर्थ थर सुरक्षित झाला असा होत नाही. ती घट विसर्पणाने आली, सुरकुत्यांनी आली की थर सुटू लागल्याने आली, हे रेषेची रुंदी व सूक्ष्मदर्शकातील निरीक्षण यांवरून ठरवावे लागते.

कोणतीही एक पद्धत सर्व प्रश्नांची उत्तरे देत नाही. वक्रता मापन पूर्ण पट्टीची सरासरी देते, क्ष-किरण किरणाने व्यापलेल्या भागातील असंख्य स्फटिककणांची सरासरी देतात आणि अनुदीप्ती एका ठिपक्यातील मूल्य देते. एकाच नमुन्यावर दोन पद्धतींनी मिळालेली मूल्ये वेगळी आली तर त्यांपैकी एक चूकच असेल असे नाही. दोन्हींनी वेगवेगळ्या भागांचे मापन केलेले असू शकते.

== उपयोग ==

या मापनांचा पहिला उपयोग मिश्रधातू व लेप यांच्या निवडीसाठी होतो. नव्या रचनेवरील थर काही तासांच्या ऑक्सिडीकरणानंतर तपासून त्यातील प्रतिबल व अल्फा रूपाचे प्रमाण जाणता येते आणि हजारो तासांची चाचणी कोणत्या रचनांवर करायची ते ठरवता येते. दुसरा उपयोग गणिती प्रतिकृतींची पारख करण्यासाठी होतो. पात्याचे आयुष्य वर्तवणाऱ्या प्रतिकृतींत विसर्पणाचे व प्रसरणाचे जे गुणांक वापरतात ते बरोबर आहेत की नाहीत, हे मोजलेल्या प्रतिबलांशी ताडून पाहतात.

तिसरा उपयोग तपासणीचा आहे. वापरातील पाते तोडून पाहणे म्हणजे ते गमावणे होय. लेप सुटण्याआधीच त्याखालील थराची अवस्था प्रकाशाच्या साहाय्याने कळली, तर चांगली पाती वेळेपूर्वी बदलण्याचा खर्च वाचतो आणि धोक्यात आलेली पाती वेळेवर बाजूला काढता येतात. प्रयोगशाळेतील सपाट नमुन्यांवर हे करणे सोपे आहे. वक्र, काजळी धरलेल्या आणि वाळूचे कण वितळून चिकटलेल्या प्रत्यक्ष पात्यांवर लाल प्रकाश क्षीण होतो आणि निष्कर्ष काढताना अधिक सावधगिरी बाळगावी लागते.

== हेही पहा ==

* ऑक्सिडीकरण
* क्षरण
* मिश्रधातू
* गॅस टर्बाइन
* क्ष-किरण विवर्तन
* रामन परिणाम
* माणिक
* सिंक्रोट्रॉन